दहावीचा ग्रुप अडीनडीला कितपत कामाचा? खान्देशातले अनुभव हवेत

पाटचारी

मंडळी, नमस्कार. यावल-रावेर पट्ट्यातल्या एका शाळेची आमची १९९६ची दहावीची बॅच. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, सगळ्यांचा असतो तसाच. सकाळी फुलंबिलं टाकून शुभ सकाळ, दुपारी केळीचे बोर्ड भाव, रात्री राजकारण. २०२१ला पंचवीस वर्षं होणार म्हणून मेळावा ठरला, मंडपवाल्याला बयाणाही गेला. त्या एप्रिलमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मेळावा राहिला तो राहिलाच.

सध्या ग्रुपवर वाद पेटलाय निधीचा. दर महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये काढायचे आणि कोणावर वेळ आली की त्यातून द्यायचे, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, पैसा मध्ये आला की दोस्ती गेली. तिसरा गट नुसता अंगठा दाखवतो, दोन्ही बाजूंना.

वादाला निमित्त झालं ते सांगतो. आमचा एक वर्गमित्र, चार एकर केळी. आधीच्या हंगामात हरण्या हा विषाणूचा रोग आला (सीएमव्ही म्हणतात तो), रोपं उपटून फेकली. परत टिश्यूची रोपं आणली, बाग निसवली, घड भरत आले आणि जूनच्या वादळात सगळी बाग आडवी. केळीचं झाड एकदा मोडलं की उभं राहत नाही, घड कच्चा असेल तर व्यापारी बघायलासुद्धा येत नाही. दरम्यान गडी ग्रुपमधून बाहेर पडला. आदल्या रात्री निवडणुकीवरून जुंपली होती, म्हणून लोकांना वाटलं रागावलाय.

खरं कळलं ते वेगळ्याच वाटेने. आमच्यातल्याच एकाकडे तो ठिबकच्या नळ्या विकायला आला. लागवड तोंडावर असताना केळीवाला नळ्या विकतो म्हणजे त्याने पुढचा विचार सोडलाय, हे या भागात लहान पोरालाही समजतं. त्याच संध्याकाळी तिघं-चौघं त्याच्या घरी गेलो. तासभर शाळेच्या गप्पा, कोण कुठं आहे, कोणाच्या पोराला कुठं नोकरी लागली. मग वहिनींनीच कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणून पुढ्यात ठेवली. विकास सोसायटीचं पीककर्ज, बँकेची नोटीस, कृषी केंद्राची उधारी, फळपीक विम्याची पावती, सगळं एकात एक. वादळाची खबर बहात्तर तासांत द्यावी लागते. ती त्याने दिली होती, आणि तक्रारीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवला होता. पुढचा सगळा पाठपुरावा त्या नंबरावर झाला.

त्या रात्री कोणी कोणाला रुपया दिला नाही. म्हणून माझा प्रश्न असा : ग्रुपने नेमकं करायचं काय? निधी उभारायचा की माणसं उभी करायची? तुमच्या बॅचमध्ये काय चाललं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा.

जंक्शन

पाटचारी भाऊ, छान धागा. आमची भुसावळची रेल्वेच्या पोरांची बॅच. अर्ध्यांचे वडील रेल्वेत, अर्धे स्वतः रेल्वेत, उरलेले वरणगाव नाहीतर भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत.

एप्रिल २०२१मध्ये ग्रुपची खरी परीक्षा झाली. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. ‘अमुक ठिकाणी ऑक्सिजन बेड उपलब्ध’ असे मेसेज यायचे, फोन लावला तर बंद, नाहीतर उचलणारा बिचारा स्वतःच बेड शोधतोय. रेमडेसिवीरचे तर विचारू नका. मग आमच्यातल्या एका बाईने (शाळेत वर्गप्रमुख होती, आवाज अजून तसाच) फर्मान काढलं : स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय एकही नंबर ग्रुपवर टाकायचा नाही, आणि टाकताना किती वाजता बोललो ते लिहायचं. दुसरं, पेशंटच्या घरच्यांनी दहा जणांना फोन करायचा नाही. आपल्यातला एकच जण त्या घराचा माणूस. बेड, औषध, डबा, अॅम्ब्युलन्स, काहीही लागलं तरी त्यालाच सांगायचं, पुढचं तो बघणार.

या दुसऱ्या नियमाने फार फरक पडला. घरातला एक माणूस दवाखान्यात आत आणि एक बाहेर पायरीवर बसलेला असताना चाळीस जणांना ‘आता कसं आहे’ याचं उत्तर देणं ही शिक्षाच असते.

जाता जाता : विशाखापट्टणमहून ऑक्सिजन आणायला रिकामे टँकर घेऊन कळंबोलीहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस १९ एप्रिलला सुटली, ती सुरत, जळगाव, भुसावळ, नागपूर अशी गेली. टँकर उंच, घाटातून जाईनात, म्हणून लांबचा वळसा. ती गाडी पास करताना ड्यूटीवर आमच्याच वर्गातला एक होता. त्याने ग्रुपवर टाकलं, ‘गेली’. त्या महिन्यातला तेवढा एकच मेसेज सगळ्यांनी चार वेळा वाचला असेल.

स्पष्टवक्ता

सगळं छान छान चाललंय म्हणून खडा टाकतो. आमच्या ग्रुपवर शाळासोबती फक्त तीन कारणांसाठी आठवतात : विमा पॉलिसी विकायला, नेटवर्क मार्केटिंगच्या मीटिंगला बोलवायला आणि निवडणुकीत. मदतीला कोण येतं हो? सगळे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ कॉपी-पेस्ट करून मोकळे.

जंक्शन

@स्पष्टवक्ता, पॉलिसीवाला आमच्याकडेही आहे. त्याला आम्ही कामाला लावलाय, कोणाचा क्लेम अडकला की फॉर्म तोच भरतो. इतका मन लावून भरतो की विचारू नका.

पांझराकाठ

आम्ही १९७४ची मॅट्रिक, धुळ्याची. जुन्या अकरावीच्या शेवटच्या बॅचांपैकी. त्यामुळे आमच्या ग्रुपवर श्रद्धांजली हा रोजचा विषय आहे, त्याला इलाज नाही.

आमच्या वयाची अडचण पैशाची नाही. बहुतेकांना पेन्शन आहे, काहींना थोडीफार शेती. अडचण अशी की पोरे पुनाले, आम्ही आठेच (म्हणजे पोरं पुण्याला, आम्ही इथेच). मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की अँजिओग्राफी, दवाखान्यात सोबत कोण थांबणार? सही कोण करणार? आम्ही सात-आठ जणांनी ठरवून घेतलंय. ज्याचं ऑपरेशन, त्याच्याबरोबर एक धडधाकट गडी मुक्कामी. नाशिकला जायचं असलं तर गाडी करायची आणि भाडं ज्याचं त्याने द्यायचं, उपकार कोणावर नको.

दुसरं म्हणजे रोज सकाळी नदीकाठी फिरायला जमतो. जो आला नाही त्याच्या घरी परतताना चक्कर. मध्ये एकदा आमचे एक दोस्त बाथरूममध्ये पडलेले सापडले ते याच चकरेमुळे. बाई गेल्यापासून एकटेच राहतात. आज ठणठणीत आहेत आणि परत आम्हालाच शिव्या देतात की दार का तोडलं.

ग्रुपमध्ये कोण बोलतंय त्यापेक्षा कोण बोलेनासं झालंय इकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगणं.

गौराई

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले. वर्गमित्र, गडी, दोस्त. वर्गात मुलीही होत्या ना?

आमची बॅच २००१ची, एरंडोल-पारोळा भागातली. ग्रुप काढला तेव्हा मुलगे भराभर सापडले, कारण ते त्याच आडनावाने त्याच गावात होते. मुलींची नावं लग्नात बदललेली, काहींची आडनावाबरोबर पहिलं नावही बदललेलं. शाळेचं जनरल रजिस्टर सरांच्या परवानगीने पाहिलं, तर तिथे माहेरचं नाव आणि वडिलांचा पत्ता. मग आम्ही दोघी-तिघींनी माहेरांना फोन लावायला सुरुवात केली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी येतात, तेव्हा तर प्रत्यक्ष घरोघर गेलो. सापडल्या त्यातल्या कितीतरी जणींकडे स्वतःचा फोन नव्हता. असला तरी ‘मिश्रवाल्या ग्रुपात नको, यांना आवडत नाही’. म्हणून आमचा मुलींचा वेगळा ग्रुप आहे. त्यावरून मुलांनी टोमणे मारले, ते असो.

आता मुद्द्याचं. आमच्यातल्या एकीचा नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेला, महामार्गावर. दोन लेकरं, सासरची जमीन सासऱ्याच्या नावावर. मोठ्या ग्रुपवर लगेच मदतीचं आवाहन निघालं, पैसे गोळा झाले, एके दिवशी घरी जाऊन पाकीट दिलं. चांगलंच केलं. पण त्यानंतर? दहाव्या-तेराव्यानंतर गल्लीतली माणसंसुद्धा यायची बंद होतात.

महिन्याभराने मी गेले तेव्हा ती म्हणाली, बँकेत खातं बंद करायला बोलावलंय. म्हटलं थांब, पासबुक दाखव. नवऱ्याच्या पासबुकात मे महिन्याच्या शेवटी शेवटी वीस रुपये कापलेले. इतकी बारीक नोंद, कोणाचं लक्ष जाणार? तो पंतप्रधान सुरक्षा विम्याचा हप्ता होता, अपघाती मृत्यूला दोन लाख. २०२२च्या आधी बारा रुपये होता, मग वीस झाला. कोणत्या तरी कॅम्पमध्ये फॉर्मवर सही केली असेल, घरात कोणाला पत्ता नाही. खातं बंद करून ती पासबुक देऊन आली असती तर विषयच संपला असता. तीस दिवसांत कळवायचं असतं, आम्ही अगदी काठावर पोचलो. एफआयआरची प्रत, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यू दाखला, नॉमिनीचं आधार, सगळं एका दिवसात जमवलं. बँकेतले साहेब आधी म्हणाले, ‘असं काही नसतं’. आमच्यातली एक जण पतसंस्थेत आहे, तिने त्यांच्यासमोर पासबुकातली ओळ वाचून दाखवली.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी लिहून ठेवते. चारशे छत्तीस रुपयांची नोंद दिसली तर ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची. मरण कशानेही आलं तरी दोन लाख, मात्र पन्नाशीच्या आत नाव नोंदवलेलं हवं. शेतकरी कुटुंबात अपघात झाला असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात सानुग्रह योजना, तेही दोन लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर वीस हजार एकरकमी, तहसीलच्या संजय गांधी शाखेत. निराधार म्हणून दरमहा दीड हजार, तीच शाखा. आणि बालसंगोपन : वडील नसलेल्या लेकराला महिन्याला सव्वादोन हजार, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडून. हे बायकांना माहीतच नसतं, कारण त्यांना वाटतं आई आहे म्हणजे मूल अनाथ नाही. कामावरच्या माणसाचा पीएफ कापला जात असेल तर त्यातही विमा असतो, तो कंपनी स्वतःहून सांगेलच असं नाही.

पाकिटात जेवढे जमले होते त्याच्या कितीतरी पट तिच्या हक्काचं निघालं. त्यासाठी लागली ती तालुक्याला चार खेपा घालणारी सोबत. ती एकटी गेली असती तर पहिल्याच खिडकीवरून परत आली असती, कारण सासू म्हणत होती, वर्ष व्हायच्या आत बाईमाणसाने हापिसात फिरायचं नाही.

अमळनेरी

गौराई ताई, प्रतिसाद जपून ठेवलाय. आमच्या ग्रुपवर टाकू का?

गौराई

खुशाल टाका. फक्त मैत्रिणीचा भाग काढून, योजनांचा तेवढा.

हिशेबनीस

पेशाने सीए, जळगाव. निधीबद्दल विचारलंय म्हणून त्यातलं सांगतो, रुक्ष वाटेल.

पहिलं, महिना दोनशे रुपये कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर गोळा करणं बंद करा. साठ जणांचे दरमहा बारा हजार होतात, वर्षाचे १ लाख ४४ हजार. ते त्या माणसाच्या खात्यात दिसणार, उद्या विचारणा झाली तर उत्तर त्याने द्यायचं. शिवाय तो गेला तर पैसे त्याच्या वारसांचे. वाईट बोलतोय, पण धागाच त्या विषयाचा आहे.

दुसरं, संस्था नोंदवायची की नाही? १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, आपल्या राज्यात त्याचबरोबर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंदणी. नोंदवणं सोपं, सांभाळणं अवघड. दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. कितीतरी माजी विद्यार्थी संघ असे पडून आहेत की मूळ सातातले तीन हयात नाहीत आणि बदल अर्ज कोणी दिलेलाच नाही, त्यामुळे बँक खातंही गोठलेलं. आणि ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती मिळेल या आशेवर असाल तर ऐका : फक्त आपल्याच वर्गातल्यांना मदत हा धर्मादाय उद्देश धरला जात नाही. गावातल्या, शाळेतल्या कोणत्याही गरजू मुलासाठी असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरं, थेट त्या घराच्या खात्यात पाठवणं सगळ्यात स्वच्छ. मात्र नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या रकमांची बेरीज पन्नास हजारांच्या वर गेली की सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते, नुसती वरची नाही. बहुतेक अशा घरांचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असतं, त्यामुळे प्रत्यक्ष कर लागत नाही. पण रक्कम मोठी असेल तर आधी कोणाला तरी विचारा. दवाखान्याचं बिल असेल तर थेट दवाखान्याला भरा. आणि त्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो दवाखाना आणि तो आजार बसतो का ते आरोग्यमित्राला विचारा. लोक आधी लाखभर गोळा करतात आणि मग कळतं की योजनेतून झालं असतं.

माझं मत विचाराल तर कायमचा निधी नकोच. वेळ आली की गोळा करा, दिला की हिशेब टाका, खातं शून्य. शिल्लक राहिलेला पैसा भांडणं लावतो.

पाटचारी

हिशेबनीस साहेब, शिल्लक नको म्हणता, पण दवाखान्यात रात्री दोन वाजता डिपॉझिट मागतात तेव्हा? गोळा करायला सकाळ उजाडते.

हिशेबनीस

रास्त. मग पन्नास हजारांवर जाऊ न देता दोन सह्यांचं संयुक्त खातं ठेवा. वापरलं की तेवढंच परत भरायचं. त्यावर व्याज, एफडी, प्लॉट घेणे असले विचार मनात आणू नका. (प्लॉट घेतलेली एक बॅच माझ्या माहितीत आहे. मूळ मालकाचे भाऊबंद कोर्टात गेलेत.)

उधनावाला

मी सुरतेला, उधन्यात. लूम खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात. इथे लिंबायत-उधना भागात फिरलात तर निम्मी बोली आपलीच ऐकू येते, धुळे-नंदुरबार-जळगावचं प्रत्येक गाव इथं आहे.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये लूम बंद, पगार बंद, खोलीचं भाडं चालू. गावाकडच्या दहावीच्या ग्रुपवरून मदत आली. तांदूळ, डाळ, तेल, किराणा दुकानदाराला तिथूनच पैसे टाकले. उपकार विसरलो नाही. पण नंतर ग्रुपवर यादी आली, ‘आपल्या मदतीचे लाभार्थी’, नाव आणि रक्कम. गावात एका गरीब वर्गमित्राला चेक दिला त्याचा फोटो, पाच जण चेक धरून उभे, मधला तो खाली मान घालून. तो फोटो लोकल पेपरातसुद्धा आला. त्याची पोरगी तेव्हा त्याच शाळेत आठवीत होती. मी त्याच दिवशी ग्रुप सोडला.

भो, मदत करा पण ‘लाभार्थी’ म्हणू नका. हिशेब द्यायचाच तर ‘एका घरी इतके’ एवढं पुरे. नाव दोघा-तिघांना माहीत असलं म्हणजे झालं.

आता मी माझ्यापरीने एक करतो. गावाकडचा कोणाचाही पोरगा कामाच्या शोधात सुरतेला आला, पॅसेंजरने असो की एसटीने, तर पहिला महिना माझ्या खोलीत. जेवण करून. ओळखीच्या खात्यात लावून देतो. मालक खराब असेल तर तेही आधीच सांगतो.

स्पष्टवक्ता

उधनावाला यांच्याशी शंभर टक्के सहमत. चेकच्या फोटोसाठी मोठा पुठ्ठ्याचा चेक छापून घेणारे महाभागही पाहिलेत.

तितूर

थोडक्यात लिहिते. चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१च्या पहाटे तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम आल्या. बाजारपेठेत दुकानात कंबरभर पाणी. आमच्या पुण्या-मुंबईच्या वर्गमैत्रिणींनी आधी ब्लँकेटं पाठवायचं ठरवलं, कारण पूर म्हटला की ब्लँकेटं. मी फोन करून थांबवलं. आम्हाला हवे होते फावडे, घमेली, पाण्याची मोटर आणि चार दिवस हात. गाळ ओला आहे तोवर निघतो, वाळला की फरशीसकट उखडावा लागतो. कन्नड घाट दरडींनी बंद होता, म्हणून संभाजीनगरच्या मुली मनमाडकडून फिरून आल्या. त्यातल्या एकीने दुकानाच्या वह्या आणि कागद पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवले. विम्याला आणि जीएसटीला त्याच वह्या लागल्या.

विचारून मदत करा, एवढंच. मनानेच ठरवून ट्रक पाठवू नका.

शहादेकर_डॉ

पाटचारी यांच्या मित्राबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. शहाद्याला जनरल प्रॅक्टिस करतो.

नळ्या विकणं, ग्रुप सोडणं, देणीघेणी घाईने मिटवणं, ‘पोरांकडे लक्ष ठेव’ असं सहज म्हणून जाणं, झोप उडणं, पिणं वाढणं. यातलं एकेक सुटं पाहिलं तर काही वाटत नाही. दोन-तीन एकत्र दिसली तर त्याच दिवशी जा. फोन नको, जा. आणि गेल्यावर ‘खंबीर हो’, ‘बायकापोरांचा विचार कर’ हे बोलू नका, तो रात्रंदिवस तोच विचार करत असतो. सरळ विचारा, ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटा सोडू नका, डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आणखी एक, खेड्यात फार महत्त्वाचं. फवारणीची औषधं घरातून हलवा. शेजाऱ्याच्या गोडाऊनला ठेवा, कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसली तर माणूस वाचतो. वर्गमित्र हे काम भावकीपेक्षा चांगलं करू शकतो, कारण भावकीशी बांधाचं भांडण असतं. तुमच्याशी नसतं.

पाटचारी

डॉक्टर, धन्यवाद. तिसरी-चौथी गोष्ट आम्हाला त्या वेळी माहीत नव्हती. वहिनींशी बोललोय, औषधं आता आमच्या एकाच्या शेडमध्ये आहेत.

अमळनेरी

अमळनेरचा असल्यामुळे साने गुरुजींचं नाव घेतल्याशिवाय प्रतिसाद पूर्ण होत नाही, तर घेतो. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० ते शिक्षक होते, छात्रालयही बघायचे, मुलांची अंथरुणं-पांघरुणं स्वतः आवरायचे असं आम्हाला शाळेत सांगत. ते ऐकून आम्ही अंथरूण आवरायला शिकलो असं मात्र नाही.

माझा मुद्दा शिक्षकांचा. तुम्ही सगळे वर्गमित्रांबद्दल लिहिताय. आमचे एक सर विनाअनुदानित तुकडीवर होते, कितीतरी वर्षं नावाला पगार. सायकलवर यायचे, आम्हाला गणित शिकवलं, आणि स्वतः निवृत्त झाले ते पेन्शनशिवाय. हे आम्हाला त्यांच्या मुलीच्या लग्नात कळलं. आता आमच्या वर्गातले तिघे त्यांच्याकडे आपापल्या मुलांची शिकवणी लावून आहेत, फी बाजारभावाने, आगाऊ. सरांना माहीत आहे की आम्हाला माहीत आहे. दोन्ही बाजूंनी कोणी बोलत नाही.

जंक्शन

हे आवडलं. आमच्या पीटीच्या सरांचं बघतो.

पांझराकाठ

अमळनेरी, शिकवणीला पोरं खरोखर शिकतात का नुसती पाठवता?

अमळनेरी

एकाला त्रिकोणमिती जमायला लागलीय, आप्पा.

पाटचारी

धागा परत वर काढतोय. रविवारी बसलो होतो, एकाच्या मळ्यात, भरीत-पुरीचा कार्यक्रम होता. नाही म्हटलं तरी भरताशिवाय आमच्याकडे बैठकीला कोरम होत नाही.

महिना दोनशेचा प्रस्ताव पडला. हिशेबनीस म्हणतात तसं दोन सह्यांचं खातं, पन्नास हजारांच्या आत, त्यातली एक सही मुलींपैकी एकीची. त्यावर थोडी कुरकूर झाली, पण गौराई ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. फोटो बंद, यादी बंद. प्रत्येक घराला एक माणूस, हे भुसावळकडून उचललं. पासबुक तपासायचं काम पॉलिसीवाल्याकडे दिलंय, आमच्याकडेही एक आहे. मुलींचा शोध सुरू होईल तो दिवाळीत, आखाजीपर्यंत थांबायची तयारी कोणाची नाही.

ज्यांना काहीच नको होतं ते चार जण नाहीच म्हणाले. त्यांच्यावर जबरदस्ती नाही. त्यातला एक जण मात्र सगळ्यात आधी भांडी घासायला उठला, तेव्हा तो कुठल्या गटात ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मित्राचं विचारलंय काहींनी. विम्याची रक्कम अजून पूर्ण आलेली नाही, भांडण चालू आहे. सोसायटीच्या कर्जाचं पुनर्गठन होईल असं दिसतंय. यंदा त्याने केळी लावली नाही, कपाशी आणि थोडा मका. नळ्या ज्याने घेतल्या होत्या त्याने बांधूनच ठेवल्या होत्या, परत दिल्या. तो ग्रुपमध्ये आलेला नाही आणि आम्ही त्याला जोडलेलंही नाही. बैठकीला आला होता.

उधनावाला

पाटचारी भाऊ, एक काम आहे. माझ्याबरोबर लूमवर असलेला एक जण, तुमच्याच यावल तालुक्यातला, पायाचं हाड मोडून गावी गेलाय. त्याला जळगावला तपासणीला न्यायला कोणी नाही. आईबाप म्हातारे. तो तुमच्या शाळेचा नाही, आधीच सांगतो.

पाटचारी

गाव आणि नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा. तपासणी कोणत्या वारी असते तेही लिहा.

जंक्शन

जळगावला मी गुरुवारी असतो. गुरुवारची असेल तर माझ्यावर सोडा.